प्लास्टिकच्या खिडक्या आणि दोन व्याही

८ फेब्रुवारी
दुकानामागच्या खोलीतून

आदरणीय व्याहीबुवांस नमस्कार.

फोनच करणार होतो. पण काच घासायच्या मशीनपाशी सगळा जन्म काढल्यावर माझे कान आता फक्त चष्मा अडकवायच्या कामाचे राहिलेत, आणि आपल्या घरी फोन विहीणबाई उचलतात. म्हणून पत्र.

काल आमची मुलगी, म्हणजे आपली सूनबाई, आली होती. बोलता बोलता म्हणाली, की आपण आपल्या पिवळ्या शर्यतीच्या गाडीच्या काचा काढून तिथे प्लास्टिक बसवणार आहात. मी तिला पुन्हा विचारलं. म्हटलं, हल्ली काचेलाच काही वेगळं नाव असेल. ती म्हणाली, नाही बाबा, प्लास्टिकच.

माझं काही म्हणणं नाही. गाडी आपली, दारं आपली. फक्त मुलांच्या लग्नात आपण सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतंत, की आमच्या व्याह्यांनी या शहरातल्या निम्म्या गाड्यांना काचा बसवल्यात. लोक अजून मला त्याची आठवण करून देतात. उद्या त्यांनीच विचारलं, की डॉक्टरांच्या गाडीला प्लास्टिक कसं, तर मी काय सांगायचं तेवढं कळवावं. आपण म्हणाल तसं सांगेन.

दुकान बंद केल्याला आता दोन महिने होतील. सकाळ जाते, दुपार जरा लांबते. जावईबापूंना आशीर्वाद.

आपला,
सूनबाईंचा बाप

१५ फेब्रुवारी
दवाखान्यातून

आदरणीय व्याहीबुवा,

आपलं पत्र आलं तेव्हा खुर्चीत एक पेशंट होता. त्याला तसाच आ वासून ठेवला आणि उत्तर लिहायला बसलो. तोंड बधिर आहे त्याचं, तक्रार करता येत नाही.

गैरसमज नसावा. हे प्लास्टिक म्हणजे बादलीचं किंवा डब्याचं नव्हे. पॉलिकार्बोनेट नावाचं असतं, हातोडा मारला तरी फुटत नाही, आणि वजन काचेच्या निम्मं. दारांच्या दोन काचा, मागची एक, शिवाय काच वरखाली करायचं सगळं लोखंड, एवढं काढलं की गाडी अकरा किलोंनी हलकी होते. पुढची मोठी काच काचच राहणार, तिला मी हात लावणार नाही, शब्द देतो.

आता हे कशासाठी, ते आपल्याला सांगायलाच हवं. माझ्या दवाखान्यासमोर जो औषधवाला आहे, तो माझ्याच चिठ्ठ्यांवर जगतो आणि दरवर्षी हौशी लोकांच्या शर्यतीत आपल्या हिरव्या गाडीतून मलाच मागे टाकतो. शेवटच्या वळणानंतर लांब सरळ रस्ता लागतो, तिथे बाजूने पुढे जाताना तो मला हात हलवून दाखवतो. हरल्याचं मला काही नाही. तो हात मला झोपू देत नाही. आणि यंदाची शर्यत शेवटची आहे. माझी पाठ पाहून हिने फर्मान काढलंय, की मे महिन्यातली शर्यत झाली की गाडी विकायची. मुलांसमोर मी हो म्हणून बसलोय. तेव्हा त्या माणसाला एकदा तरी मागे टाकायचं असेल तर ते याच वर्षी.

खरं तर मी आपल्यालाच विचारणार होतो. (एका गॅरेजवाल्याशी बोललो होतो, पण ते नुसतंच बोलणं.) आपल्या हातून खिडक्या कापून मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. काचा काढून नमुन्यासाठी पाठवू का?

एक विनंती. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवा. हिला अजून काही सांगितलेलं नाही.

आपला,
दातवाला व्याही

११ मार्च
दुकानामागच्या खोलीतून

आदरणीय डॉक्टरसाहेब,

आपल्या जुन्या काचा पोचल्या. डाव्या दाराची काच पाहून ओळखली, कोपऱ्यात माझीच खूण आहे. ती मी बसवली तेव्हा आपली ओळखही नव्हती. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

प्लास्टिकचं काम करताना मात्र माझं पार हसं झालं. पहिला तुकडा टेबलावर घेतला, काचेवर ओढतो तशी हिऱ्याच्या कलमाने रेघ ओढली, कडेवर ठेवला आणि सवयीने एक टिचकी मारली. काच असती तर रेघेवर सरळ दोन झाली असती. हे वाकलं आणि परत सरळ झालं. मी जोर लावला. ते आणखी वाकलं. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांना टेकली तरी पठ्ठ्या मोडेना. मग मी त्याला सोडलं, तर त्याने टेबलावरचा माझा चहा उडवला.

नाइलाजाने प्लास्टिकवाल्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, काका, हे मोडायचं नसतं, बारीक दातांच्या करवतीने कापायचं असतं. वर लावलेला पातळ कागद काम संपेपर्यंत काढू नका, नाहीतर ओरखडे पडतील. आणखीही काही सांगत होत्या, उन्हाबद्दल वगैरे, पण माझ्या कानांचं आपल्याला माहीतच आहे.

तीनही खिडक्या सोबत पाठवतोय. आपल्या दाराच्या चौकटीत बसवून पाहा. कडेला केसाइतकीही फट दिसणार नाही. जन्मभर असंच काम केलंय, आता व्याह्यांच्या गाडीत कमी कशाला करू.

आपला,
काचवाला

२ एप्रिल
दवाखान्यातून

आदरणीय व्याहीबुवा,

खिडक्या बसल्या. काय बसल्या म्हणून सांगू. मी आणि चिरंजीव दोघे आ वासून बघत राहिलो. केसाइतकी म्हणालात, मला तर तेवढीही फट सापडली नाही. स्क्रूसाठी भोकं मी स्वतः पाडली, दवाखान्यातल्या हाताने. दाताला लागतं तेवढंच भोक, वर एक कणही जास्त नाही. स्क्रू असे आवळलेत, की आता त्यांना काढायला पेशंटसारखी भूल द्यावी लागेल.

हिला अखेर कळलं. त्याच गाडीतून हिला बँकेत सोडायला गेलो होतो. रस्त्यात शेजारीण दिसली म्हणून हिने काच खाली करायला हात घातला, तर तिथे हँडलच नाही. ही आतून आणि शेजारीण बाहेरून, दोघी बराच वेळ हातवारे करत होत्या. मग ही माझ्याकडे वळली. मी घाईघाईने म्हटलं, आपल्या व्याह्यांनी स्वतः कापून दिल्यात. आपलं नाव घेतल्याबरोबर हिचा राग जागच्या जागी विझला. व्याह्यांच्या कामाला नावं ठेवणं आमच्या घरात कोणालाच जमत नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, की गाडीचे अकरा किलो उतरवायला इतकी धडपड केलीत, त्यापेक्षा स्वतःच्या पोटाचे उतरवले असतेत तर शर्टही नवे घ्यावे लागले नसते.

गाडी चालवायला एकदम पिसासारखी झालीय. आत थोडा ढोलासारखा आवाज घुमतो आणि वारा म्हणून येत नाही. पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाशी बोलायला दार उघडावं लागतं. पण वळणं अशी घेते, की काही विचारू नका.

एक सहज विचारतो. प्लास्टिकच्या पाकिटात एक छापील कागद होता. कडेने थोडी मोकळी जागा सोडा, भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा, ऊन लागलं की प्लास्टिकचा पत्रा वाढतो, असं काहीतरी त्यात लिहिलंय. छापणारे काय, काहीही छापतात. आपण इतकी वर्षं या कामात आहात, तेव्हा काळजीचं कारण नसावं. नसावं ना?

आपला,
दातवाला

१९ एप्रिल
दुकानामागच्या खोलीतून

आदरणीय डॉक्टरसाहेब,

आपल्याला काम आवडलं हे वाचून रात्री जेवण दोन घास जास्त गेलं. एकटा असलो की कौतुक सांगायला कोणी नसतं, म्हणून मुलीला बोलावून आपलं पत्र वाचून दाखवलं.

त्या कागदाचं म्हणाल, तर आपण स्वतः वाचलाय. आपल्याला त्यात काही तथ्य वाटलं असतं, तर आपण बोलला असताच. आपण बोलला नाहीत, त्याअर्थी सगळं ठीक आहे. मी काचेचा माणूस, प्लास्टिकचं मला काय कळणार. गाडी शक्यतो सावलीत लावत जा, रंगाला बरं असतं.

परवा जावईबापूंकडे आलो होतो तेव्हा आपली भोकंही पाहिली. स्क्रू आणि भोक यांच्यामध्ये सुईचं टोकही जाणार नाही. फार सफाईचं काम आहे. मी तिथे काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं.

शर्यतीला येतोय. मुलीला म्हटलं, मला पुढच्या कठड्यापाशी उभं कर. ऐकू येत नसलं तरी दिसतं मला चांगलं.

आपला,
काचवाला

१ जून
दवाखान्यातून

व्याहीबुवा,

शर्यतीला आठवडा उलटला. तुमचं पत्र नाही, फोन नाही. सूनबाई आणि चिरंजीव एकमेकांशी मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलतात. तिला वाटतं, तिच्या सासऱ्यांनी तिच्या बापाचा चारचौघांत पाणउतारा केला. त्याला वाटतं, त्याच्या सासऱ्यांनी त्याच्या बापाला शर्यत हरवली. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच ते भांडण मिटत नाही. आपल्या दोघांच्या डोक्यातल्या उष्णतेने त्यांचा संसार तापला तर मी स्वतःला माफ करणार नाही. तेव्हा आता जे खरं आहे ते लिहितो.

तुम्ही कठड्यापासून पाहिलंत. मी आतून काय पाहिलं ते ऐका. गाड्या भर उन्हात रांगेत उभ्या होत्या. आत बसून मी घामाने निथळत होतो, वारा यायला खिडकी उघडायची सोयच नाही. तेवढ्यात माझ्या बाजूची खिडकी बाहेर फुगलेली दिसली. उशीसारखी. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीकडे पाहत होतात. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि आपण दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की मला अजून घाम फुटतो. दोन शहाणी माणसं, समोर संकट फुगतंय, आणि आपण हात जोडतोय.

मग शर्यत सुरू झाली. गाडी अशी पळाली, की शेवटच्या वळणाला हिरवी गाडी माझ्या मागे होती. मागे, व्याहीबुवा. सरळ रस्त्यावर मी आणखी पुढे निघालो. आता हात हलवायची पाळी माझी, म्हणून मी हात वर केला, आणि धाडकन आवाज झाला. स्क्रूंच्या भोकांपासून तडे जाऊन खिडकी वाऱ्याने ओढून बाहेर नेली. आरशात पाहिलं तर ती आकाशात गिरक्या घेत होती. नशीब की गवतात पडली. लाल झेंडा निघाला, सगळ्या गाड्या थांबल्या, आणि नियम असा, की ज्याचा तुकडा पडल्याने शर्यत थांबली, तो शेवटचा.

त्यानंतर मी तुम्हाला म्हणालो, की फट ठेवायची सोडून अक्कल गहाण ठेवली होतीत का. तुम्ही म्हणालात, भोकं पाडायची होती की दात भरायचे होते. मग मी तुमच्या दुकानाबद्दल जे बोललो ते मी बोलायला नको होतं. दुकान बंद पडण्याचा आणि माझ्या खिडकीचा काही संबंध नव्हता. ते बोललो तेव्हा तुमचा चेहरा पाहिला आणि मला माझीच लाज वाटली. औषधवाला मध्ये पडून आपल्याला डोकेदुखीच्या गोळ्या देत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं, की आपण कुठे येऊन पोचलोय.

तो छापील कागद मी पूर्ण वाचला होता. तीनदा. सगळं कळलं होतं. पण तुम्ही इतक्या अभिमानाने केसाइतकीही फट नाही म्हणून लिहिलंत, तुमचं दुकान नुकतंच बंद झालेलं, आणि तुम्ही माझ्या सुनेचे वडील. तुम्हाला चूक कशी सांगणार होतो? भिडेपोटी मूग गिळून बसलो, आणि त्या भिडेपायी माझी शर्यत गेली आणि तुमचं नाव गेलं.

गाडीला गिऱ्हाईक आलंय म्हणे. ही सांगत नाही कोण. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घेऊन जाणार. विचारायची माझी छाती नाही, सगळ्यांसमोर शब्द दिलाय. सकाळी जाऊन गाडीत नुसता बसतो आणि दवाखान्यात येतो.

तुम्हाला दुखावलं याचं मला गाडीपेक्षा जास्त वाईट वाटतं. हे खरं आहे, औषधवाल्याची शपथ.

तुमचा,
दातवाला

८ जून
दुकानामागच्या खोलीतून

डॉक्टर,

पत्र वाचलं. आता माझंही ऐका.

त्या प्लास्टिकवाल्या बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं होतं. सगळं. काका, ऊन लागलं की हे वाढतं, चारी बाजूंनी जागा सोडा, असं त्या मोठ्याने दोनदा म्हणाल्या. पण काचेच्या माणसाला फट ठेव म्हणणं, म्हणजे तुम्हाला दात अर्धाच भर म्हणण्यासारखं आहे. माझा हात तयार होईना. म्हटलं, डॉक्टर शिकलेले आहेत, काही चुकत असेल तर बोलतील. तुम्ही बोलला तर नाहीतच, उलट वाहवा केलीत. मग ती वाहवा परत करायला मी काय वेडा होतो? तुमची भोकं पाहिली तेव्हाच कळलं, की प्लास्टिकला वाढायला तिथेही जागा नाही. पण म्हटलं, मुलीच्या सासऱ्यांना भोकं चुकली म्हणून सांगायचं, आणि उद्या त्याचा राग तिच्यावर निघायचा, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मुलीचं लग्न झालं त्या दिवशी ठरवलं होतं, की तुमच्यासमोर जिभेला गाठ मारायची. तुम्हीही तीच गाठ मारून बसलेले. दोन गाठींमध्ये ती खिडकी उडाली.

दुकानाबद्दल बोललात त्याचं सांगतो. लागलं. दोन दिवस जेवलो नाही. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की दुकान बंद केल्यापासून जो तो माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतो. मुलगी, जावई, शेजारी, सगळे. काय बाबा, बरं आहे ना, चहा घेणार का. तुम्ही पहिलेच, ज्यांनी मला कामात चुकलेल्या माणसासारखं झापलंत. माणूस कामावर असला तरच त्याला असं झापतात. तेव्हा ती माफी परत घ्या. मी भोकांबद्दल बोललो ते मात्र परत घेणार नाही, भोकं चुकलीच होती.

मुलीला आणि जावयाला परवा इथे बोलावून दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, भांडण आमचं आहे, तुम्ही त्यात फुकट का पडता. दोघेही आधी माझ्यावर चिडले, मग एकत्र चिडले, आणि एकत्र चिडून जाताना त्याने तिची पिशवी उचलली. तिकडचं मिटलंय.

आता गाडी. तिचं गिऱ्हाईक मी आहे.

दचकू नका. मी विहीणबाईंना फोन केला होता. मी फोन करतो म्हणजे किती नड असेल याचा विचार करा. त्या इतक्या मोठ्याने बोलल्या, की मला पहिल्यांदा कोणाचं तरी सगळं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, गाडी विकायचा शब्द होता, कोणाला विकायची हे काही ठरलं नव्हतं. तुम्ही घेतलीत तर शब्दही पाळला जाईल आणि हे सकाळी तिच्यात जाऊन बसतात ते मला बघवत नाही, तेही थांबेल. अट एकच, पाठीला पट्टा बांधल्याशिवाय त्यांना आत बसू द्यायचं नाही. आणि डॉक्टर, तुमच्याबद्दल त्या जे म्हणाल्या ते मी लिहीत नाही. चांगलं म्हणाल्या, एवढंच सांगतो. तेही ओरडून.

म्हणजे गाडी आता माझी, आणि मला गाडी चालवता येत नाही. मला चालवणारा माणूस हवाय. वयाची अट नाही. दात काढता येत असले तरी चालेल. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी माझ्या नावावर गाडी आणि चालक म्हणून तुमचं नाव, असं कळवून टाकलंय. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही आढेवेढे घेतले असतेत आणि मी राहू द्या म्हणालो असतो, आणि त्यात वर्ष गेलं असतं.

काल औषधवाला दुकानाच्या बंद शटरवर ठोकत आला. त्यालाही अशाच हलक्या खिडक्या हव्यात. मी म्हटलं, करून देतो, रांगेत थांब. आधीच्या गिऱ्हाईकाचं काम पुरं व्हायला वर्ष लागेल.

शटर उघडलंय. पाटी लावलेली नाही, पण उघडलंय. आतलं टेबल पुसलं, करवतीला नवं पातं घातलं, आणि प्लास्टिकचा नवीन पत्रा आणलाय, दोन्ही बाजूंचा कागद तसाच आहे.

आणि आता हे आपण-तुम्ही फार झालं. रविवारी सकाळी ये. येताना मोठ्या भोकांवर बसतील असे रुंद वॉशर आण आणि तुझं ते दाताचं ड्रिल घरी ठेवून ये. मी कडेला फट ठेवतोय की नाही हे तू बघायचंस, आणि नाही ठेवली तर माझ्या कानाशी येऊन ओरडायचंस. तू भोकं लहान पाडलीस तर मी तुला तिथल्या तिथे शिव्या देणार आहे. मुलगी समोर असली तरी.

वाट पाहतो.

तुझा,
मालक